सुई सोपी, कापड अवघड

तयार कपड्यांच्या धंद्याविषयी बोलणे निघाले की गेली दहा-बारा वर्षे एक विधान हमखास ऐकू येते. शिलाई हे साधे, एकसुरी काम आहे. यंत्रमानव ते लवकरच करू लागतील. तेव्हा या कामात माणसे घडवण्यावर पैसा घालवण्यात अर्थ नाही. चर्चासत्रात हे भाकीत म्हणून येते, मजुरीच्या वाटाघाटीत इशारा म्हणून येते, आणि प्रशिक्षणाच्या बैठकीत हात आखडता घेण्याचे कारण म्हणून. या विधानाच्या दुसऱ्या भागावर, म्हणजे यंत्रमानव केव्हा येणार यावर, पुष्कळ वाद होतात. पहिला भाग मात्र सगळे निमूट मान्य करतात, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. शिलाईचे पूर्ण यंत्रीकरण गेली चाळीस वर्षे अडून बसले आहे, ते मजूर स्वस्त मिळतात म्हणून नव्हे. कापलेला मऊ तुकडा उचलणे, सरळ करणे, दुसऱ्याशी जुळवणे आणि सुईखाली नेणे हे काम खरोखरच अवघड आहे म्हणून ते अडले आहे. हे अवघड काम दिवसभर बिनचूक करणाऱ्या माणसाला अर्धकुशल म्हणणे ही वस्तुस्थितीचीच चूक आहे.

हिशेब वेळेपासून करू. कारखान्यातले एकसुई मशीन मिनिटाला चार हजारांच्या वर टाके घालू शकते. तीस सेंटिमीटरची सरळ टीप घ्या. सेंटिमीटरला चार टाके धरले तर एकशे वीस टाके होतात, आणि पूर्ण वेगात ते दोन सेकंदांच्या आत पडतात. पण ती टीप मारणाऱ्या कारागिराला त्या एका तुकड्यामागे दोन सेकंद लागत नाहीत, कितीतरी जास्त लागतात. गठ्ठ्यातून वरचा तुकडा सोडवायचा, सुलटी-उलटी बाजू पाहायची, जोडीच्या तुकड्यावर ठेवायचा, कडा जुळवायच्या, प्रेसर फूटखाली सरकवायचा, थोडे शिवून थांबायचे, पुन्हा कडा जुळवायच्या, शिवलेला भाग बाजूला टाकायचा. एकूण वेळातला जेमतेम पाचवा हिस्सा सुई चालते आणि बाकीचा वेळ हात चालतात, हा या उद्योगातल्या अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. ज्या जीएसडी पद्धतीने कारखान्यात प्रत्येक क्रियेला प्रमाणवेळ लावली जाते, तिचे एकक 0.036 सेकंदाचे आहे. त्या बारीक मापाने हातांची प्रत्येक हालचाल मोजली जाते: घेणे, ठेवणे, जुळवणे, सरकवणे. वर घेतलेल्या उदाहरणात मशीनचा वेग दुप्पट केला तर एका तुकड्यामागे एक सेकंदसुद्धा वाचत नाही. टाका घालण्याचे काम यंत्राने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच घेतले. उरले ते कापड धरण्याचे काम, आणि मजुरी द्यायची ती त्याची.

हे धरणे यंत्राला का जमत नाही, याचे उत्तर कापडाच्या स्वभावात आहे. मोटारीच्या दाराचा पत्रा किंवा एखादा बोल्ट कुठे आहे हे सांगायला सहा आकडे पुरतात, तीन जागेचे आणि तीन कलण्या-वळण्याचे. ते कळले की यंत्राचा हात डोळे मिटूनही वस्तू उचलू शकतो, कारण उचलताना वस्तूचा आकार बदलत नाही. कापड उचलल्याक्षणी बदलते. एका कोपऱ्याला धरले तर उरलेले कोपरे कुठे लोंबतील, घडी कुठे पडेल, कड कुठे आत वळेल, हे आधी सांगता येत नाही. विज्ञानाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले असे मुळीच नाही. 1930 मध्ये इंग्लंडच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधले एफ. टी. पियर्स यांनी कापडाचा हाताला लागणारा पोत आकड्यांत मांडून दाखवला. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची आणि तिचे टोक झुकून 41.5 अंशांच्या उतारावर टेकेपर्यंत किती लांबी बाहेर आली ते मोजायचे, ही त्यांची कसोटी आजही प्रयोगशाळांत वापरात आहे. पुढे 1970 च्या दशकात जपानमध्ये सुएओ कावाबाता यांनी ताण, तिरपी खेच, वाकणे, दाब आणि पृष्ठभागाचे घर्षण मोजणारी उपकरणांची मालिकाच उभी केली. एवढे सगळे आकडे हाती असूनही टेबलावर टाकलेली बाही कशी पडेल ते निश्चित सांगता येत नाही. कारण कापड पूर्वी कुठे दुमडले होते हेही विसरत नाही, आणि हवेतला ओलावाही ते शोषून घेते. 65 टक्के आर्द्रतेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरतो. आर्द्रता बदलली की तो आकडा बदलतो, आणि त्याबरोबर कापडाचा ताठपणा आणि घर्षणही. मुंबईच्या जुलैत आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये एकाच थानातले सुती कापड सारखे वागत नाही.

गठ्ठ्यातून एक थर सुटा करणे ही या साखळीतली पहिलीच कडी आहे, आणि तिथेच अर्धे शोध थकले आहेत. कटिंग टेबलावर कापडाचे कित्येक थर एकावर एक रचून एकदम कापले जातात. पाते तापते, पॉलिएस्टरच्या कडा वितळून एकमेकींना चिकटतात. सुती कडांचे तंतू एकमेकांत गुंततात. होजिअरीच्या कडा कापताच गुंडाळतात. निर्वाताने ओढायला जावे तर कापड सच्छिद्र, म्हणून ओढ आरपार जाऊन खालचा थरही वर येतो. बारीक सुया रुतवून उचलावे तर नाजूक कापडाला भोके पडतात, आणि पातळ कापडात सुई दुसऱ्या थरातही जाते. विद्युतभाराने चिकटवावे तर दमट हवेत पकड ढिली होते. कापडाचा ठिपका गोठवून धरणारी यंत्रेही झाली. ती धरतात, पण ओलावा ठेवून जातात आणि प्रत्येक वेळी गोठण्या-सुटण्याला वेळ घेतात. यातले प्रत्येक साधन कोणत्या तरी एका कापडावर उत्तम चालते. कारागीर काय करते ते जवळून पाहावे. अंगठ्याने ती वरच्या थराची कड किंचित मागे सारते, थर जरासा फुगतो, तर्जनी त्या पोकळीत जाते, आणि दोन थर आलेच तर ते जाडीवरून बोटांना तिथल्या तिथे कळते. लिनन असो, क्रेप असो की डेनिम, बोटे तीच असतात आणि दाब दरवेळी निराळा असतो.

बाही लावण्याचे काम त्याहून अवघड आहे. बाहीचा माथा फुगीर कापलेला असतो आणि मुंढा खोलगट. दोन उलट्या वळणांच्या सपाट कडा एकमेकींना शिवल्या की खांद्याचा गोलवा तयार होतो. शिवाय माथ्याची लांबी मुंढ्यापेक्षा थोडी जास्त ठेवलेली असते. कोटात ही जादा लांबी तीन-चार सेंटिमीटरही असू शकते. ती चुणी न पडू देता टिपेत जिरवायची असते, तीही सगळीकडे सारखी नव्हे तर माथ्यावर जास्त, बगलेकडे जवळजवळ नाहीच. त्यात मशीनचे खालचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा थर प्रेसर फूटच्या घर्षणाने मागे रेंगाळतो. हा फरक कारागीर डाव्या हाताच्या बोटांनी वरचा थर ढकलून आणि खालचा रोखून, टीप चालू असतानाच भरून काढते. ती चूक होण्याआधीच सावरते, कारण पुढच्या दोन इंचांत कापड कुठे गोळा होणार ते तिला बोटांच्या टोकाला आधी जाणवते. या कामाला एकसुरी म्हणता येईल. साधे म्हणता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा येतो. हातमागवाल्यांनाही वाटत होते की विणणे यंत्राला जमायचे नाही. यंत्रमाग आले आणि हातमाग मागे पडले, तसेच इथेही होईल. ही तुलना महाराष्ट्रात विशेष पटते, कारण गिरण्यांचा आणि इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांचा अनुभव आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण तिच्यात एक मूलभूत घोटाळा आहे. मागावरचा ताण्याचा प्रत्येक धागा बीमपासून विणलेल्या कापडाच्या रुळापर्यंत सतत ताणात असतो. तो कुठे आहे हे यंत्राला शोधावे लागत नाही. तो जिथे असायला हवा तिथेच असतो. सूतकताईत, विणाईत, रंगाईत, छपाईत माल अखंड असतो आणि ताणून धरलेला असतो, म्हणून ही सारी कामे एकामागून एक यंत्राकडे गेली. कापड कापण्याचे कामही गेले. जोसेफ गर्बर यांचे संगणकनियंत्रित कटर 1969 मध्येच आले. कात्री चालली की मात्र तो ताण संपतो, तुकडा मोकळा होतो, आणि त्याच टेबलापासून माणसांची रांग सुरू होते. म्हणून विणाईच्या इतिहासावरून शिलाईचे भविष्य काढता येत नाही. शिमा सेइकी या जपानी कंपनीने 1995 मध्ये आख्खा स्वेटर शिवणीशिवाय विणणारे यंत्र आणले. सुटा तुकडा हाताळण्याचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, तुकडा होऊच दिला नाही. तो उपाय विणलेल्या लोकरी कपड्यांना लागू पडतो. शर्ट-पँटला पडत नाही.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे, आणि तो सर्वांत जास्त पसरलेला आहे: बांगलादेशात, भारतात हात स्वस्त आहेत, म्हणून यंत्रावर कोणी पैसा लावला नाही, मजुरी वाढवाल तर यंत्र येईल. हे खरे असते तर जिथे मजुरी महाग आहे आणि पैसाही आहे तिथे हा प्रश्न केव्हाच सुटला असता. जपानने 1982 मध्ये सरकारी पुढाकाराने, मोठमोठ्या कंपन्यांना एकत्र आणून, स्वयंचलित शिलाईचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. तो बरीच वर्षे चालला, प्रात्यक्षिकापर्यंत पोहोचला, पण कारखान्यांत पसरला नाही. त्याच दशकात अमेरिकेत कपडे उद्योगाने हे काम केंब्रिजच्या ड्रेपर प्रयोगशाळेकडे दिले. अपोलो यानांची दिशादर्शन यंत्रणा घडवणारी हीच संस्था. तिच्यापुढे आव्हान होते पुरुषांच्या कोटाच्या बाहीचे, आणि बाही आजही माणसेच लावतात. याहून बोलके उदाहरण अमेरिकी सैन्याच्या गणवेशाचे आहे. 1941 पासून चालत आलेल्या बेरी दुरुस्तीनुसार तो गणवेश अमेरिकेतच तयार व्हावा लागतो. परदेशी स्वस्त हातांची वाट बंद, मागणी कायमची आणि मोठी, नमुना ठरलेला, खरेदीदार जगातला सर्वांत सधन. 2012 मध्ये त्यांच्या संरक्षण संशोधन संस्थेने, दार्पाने, शिलाई-यंत्रमानव बनवणाऱ्या सॉफ्टवेअर ऑटोमेशन या अटलांटाच्या कंपनीला लाखो डॉलरचे अनुदानही दिले. तरीही ते गणवेश आज पोर्तो रिको आणि दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कारखान्यांत मशीनवर बसलेली माणसेच शिवतात. स्वस्त मजुरीने यंत्राचे आगमन थोडे लांबवले असेल, एवढे मी मान्य करतो. पण मजुरी महाग करून यंत्र आणता येते, याला या चाळीस वर्षांत पुरावा नाही.

भाकिते मात्र थांबली नाहीत. ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बर्न यांनी 2013 मध्ये 702 व्यवसायांना यंत्रीकरणाची शक्यता लावली. हाताने शिवणाऱ्यांच्या वाट्याला 0.99 आली, जवळजवळ निश्चिती. हा आकडा कसा आला हे फारसे सांगितले जात नाही. सत्तर व्यवसायांबाबत तज्ज्ञांनी आपल्या मताने हो किंवा नाही ठरवले आणि उरलेल्यांचे गणित त्यावरून मांडले गेले. त्याच निबंधात बोटांचे कौशल्य हा यंत्रीकरणातला एक अडथळा म्हणून नोंदवला आहे, आणि तरीही ज्या व्यवसायात बोटांवाचून काहीच नाही तो जवळजवळ संपलेला दाखवला आहे. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आग्नेय आशियावरील अहवालाने कापड, कपडे व पादत्राणे उद्योगातले कंबोडियाचे 88 टक्के आणि व्हिएतनामचे 86 टक्के कामगार मोठ्या धोक्यात असल्याचे म्हटले. 2017 मध्ये अर्कान्सासच्या लिटल रॉक शहरात एक चिनी कंपनी यंत्रमानवांकडून वर्षाला दोन कोटींहून अधिक टी-शर्ट शिवून घेणार, मजुरीचा खर्च नगामागे 33 सेंट, अशी बातमी जगभर गाजली. या घोषणांना आता बरीच वर्षे झाली. जगातला टी-शर्ट आजही बांगलादेश, व्हिएतनाम, कंबोडिया आणि तिरुपूरमधल्या माणसांच्या हातून येतो. ज्या गोष्टीची शक्यता तज्ज्ञ जवळजवळ शंभर टक्के सांगत होते ती घडत नसेल, तर कामाविषयीची त्यांची समजूत तपासायला हवी.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे काय, हा आक्षेप गंभीर आहे. 2010 मध्ये बर्कलेतल्या संशोधकांच्या यंत्रमानवाला एका टॉवेलची घडी घालायला वीस मिनिटांहून जास्त लागत. 2022 मध्ये तिथल्याच नव्या पद्धतीने तासाला तीस-चाळीस घड्या होऊ लागल्या, आणि 2024 मध्ये ड्रायरमधून काढलेले कपडे घडी करणारे यंत्रमानव पाहायला मिळाले. ही प्रगती खरी आहे, तिला कमी लेखण्यात अर्थ नाही. पण घडीचे कापड टेबलावर स्थिर पडलेले असते, आणि घडी सेंटिमीटरभर चुकली तरी ती घडीच राहते. कॉलरची टीप दोन मिलिमीटर सरकली तर शर्ट बाद होतो. शिवताना कापड चालत असते, दोन थर वेगवेगळ्या चालीने चालत असतात, आणि दुरुस्ती टाका पडण्याआधी व्हावी लागते. कॅमेऱ्याला वरचा थर दिसतो. खालच्या थरात पडलेली चुणी कारागिराच्या बोटाला लागते, कॅमेऱ्याला दिसत नाही. पाहण्याचा प्रश्न बराच सुटत आला आहे, स्पर्शाचा अजून सुटलेला नाही, आणि शिलाई हे प्रामुख्याने स्पर्शाचे काम आहे.

एक वाट वेगळी आहे. सिअॅटलच्या सेवबो या कंपनीने 2016 मध्ये कापड पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाने पत्र्यासारखे ताठ केले, यंत्राच्या हाताने टी-शर्ट शिवला आणि मग तो धुऊन पुन्हा मऊ केला. कल्पना निःसंशय हुशारीची आहे. जीन्स शिवल्यावर तशीही धुतली जाते, त्यामुळे तिथे ही वाट पुढे जाऊही शकेल. पण हा उपायच माझ्या बाजूने साक्ष देतो: कापड कापडासारखे राहिले तर यंत्राला पेलत नाही, म्हणून आधी त्याचे कापडपण काढून घ्यावे लागते. त्याची किंमत म्हणजे ताठ करणे, धुणे, वाळवणे असे वाढीव टप्पे आणि पाणी. खिसे बसवणारी, काज करणारी, बटण लावणारी, टेम्प्लेटमध्ये धरून टीप मारणारी यंत्रे आधीच आली आहेत आणि त्यांनी माणसे कमीही केली आहेत. हे लपवण्याचे कारण नाही. तिथे काय घडते ते मात्र पाहावे. खिशाच्या यंत्रापुढे एक माणूस बसलेला असतो, तो पँटचा भाग आणि खिशाचा तुकडा खुणेवर ठेवतो. टेम्प्लेटमध्ये कापड मांडणारेही हातच असतात. यंत्राने टिपेचे काम घेतले. मांडणीचे काम हातातच राहिले.

शेवटचा आक्षेप सर्वांत टोचणारा आहे. काम इतके अवघड असेल तर मुली ते काही आठवड्यांत कशा शिकतात? उत्तर असे की त्या आठवड्यांत त्या मशीन शिकतात. कापड त्यांना आधीपासून येत असते. साडीच्या निऱ्या, अंथरुणाच्या घड्या, उसवलेली शिवण, यांतून बोटांचे शिक्षण लहानपणापासून चालू असते आणि त्याचे प्रमाणपत्र कुणी देत नाही. यंत्रमानवशास्त्रज्ञ हान्स मोराव्हेक यांनी 1988 मध्येच लिहून ठेवले की माणसाला सहज येणारे पाहणे-हाताळणेच यंत्राला सर्वांत अवघड जाते. पुष्कळांना येते म्हणून एखादे काम बाजारात स्वस्त पडते, हे मला समजते. पण कामाची प्रतवारी बाजारभावावरून करायची नसते, त्या कामात काय लागते यावरून करायची असते. आज उलटे होते. आंतरराष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात आणि त्यावर बेतलेल्या आपल्या राष्ट्रीय वर्गीकरणात शिंपी कारागिरांच्या गटात मोडतो आणि कारखान्यातली शिवणारी यंत्रचालकांच्या गटात, जणू काम मशीन करते आणि ती फक्त चालू-बंद करते. वेळमापनाच्या कोष्टकात हातांची हालचाल सेकंदाच्या बारीक अंशापर्यंत मोजायची आणि वेतनश्रेणी ठरवताना तेच हात विसरायचे, हा दुटप्पीपणा आहे.

महाराष्ट्रात याचा थेट संबंध सोलापूरशी आहे. शालेय गणवेशांचे केंद्र म्हणून ते देशभर ओळखले जाते, आणि नव्या कारखान्यांची, नव्या प्रशिक्षण केंद्रांची आखणी राज्यात ठिकठिकाणी चालू आहे. तिथल्या कारखानदारांनी कटर घ्यावेत, काज-बटणाची आणि खिशाची यंत्रे घ्यावीत. टिपेचे काम यंत्राकडे जाण्यात काही वाईट नाही. पण येऊ घातलेल्या यंत्रमानवाचे नाव पुढे करून मजुरी रोखू नये आणि प्रशिक्षणाचे तास कापू नयेत. अभ्यासक्रमात मशीनच्या ओळखीइतकाच वेळ कापड हाताळण्याला मिळावा: तऱ्हेतऱ्हेच्या कापडांचे थर सोडवणे, तिरक्या कडा जुळवणे, लांबी जिरवणे. आणि किमान वेतनाच्या अधिसूचनांत जिथे जिथे बाही, कॉलर, कमरपट्टी लावणारी कारागीर अर्धकुशल म्हणून नोंदली आहे, तिथे पुढच्या फेरआढाव्यात राज्य सरकारने तिला कुशल श्रेणीत घ्यावे.